सळई बाजारात होती, स्लॅब थांबले होते : २०२२ च्या उन्हाळ्यातले एक प्रकरण

२०२२ च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातल्या अनेक बांधकामांवर एकच चित्र दिसत होते. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागलेले, बीमच्या पेट्या उघड्या, सळई बांधणारे फिटर सावलीत बसलेले आणि लोखंडाचा ट्रक आलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की बाजारात सळईचा तुटवडा आहे. पण रोख मोजणाऱ्याला माल मिळत होता. गिरण्या चालू होत्या, कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाड्या उतरत होत्या. तरीही स्लॅबचे चक्र, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचा काळ, बारा दिवसांवरून अठरा-वीस दिवसांवर गेले. पुरवठ्याची साखळी तुटली ती माल संपला म्हणून नव्हे. भावाचा भार ज्या कडीवर पडला तिच्याकडे तो पेलण्याइतका पैसा नव्हता, म्हणून. या प्रकरणात तीच कडी शोधायची आहे.

भाव दोन्ही वाटांनी चढला

सळई दोन वाटांनी तयार होते. मोठे एकात्मिक कारखाने झोतभट्टीत लोहखनिज आणि कोकिंग कोळसा वापरतात. एक टन पोलादाला पाऊण टनाच्या आसपास हा कोळसा लागतो आणि भारत आपल्या गरजेपैकी सुमारे ८५ टक्के कोकिंग कोळसा आयात करतो, त्यातला मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळसा टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. वर्षभरापूर्वी तोच दीडशेच्या आत होता.

दुसरी वाट इंडक्शन भट्टीची, म्हणजे आपल्याकडे जालन्याची. भंगार आणि स्पंज आयर्न (कोळसा वापरून खनिजापासून न वितळवता काढलेले सच्छिद्र लोखंड) वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, आणि बिलेटची सळई. मराठवाड्यापासून पुण्यापर्यंतची छोटी-मध्यम बांधकामे बव्हंशी याच मालावर उभी राहतात. एरवी मोठ्या ब्रँडचा माल महागला की खरेदीवाला जालन्याकडे वळतो, आणि हा त्याचा हुकमी पत्ता असतो. त्या वर्षी तो पत्ता चालला नाही. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांना साधा कोळसा लागतो, आणि त्यातल्या अनेक दक्षिण आफ्रिकेच्या कोळशावर चालतात. त्याचाही भाव मार्चमध्ये उसळला. देशी कोळशाकडे वळावे तर एप्रिलमध्ये वीज केंद्रांकडे कोळसा कमी पडला, रेल्वेने त्यांच्या रेकना, म्हणजे कोळशाच्या मालगाड्यांना, प्राधान्य दिले, महिनाअखेरीस त्यासाठी प्रवासी गाड्यासुद्धा रद्द केल्या. वीज सोडून इतर उद्योग रांगेत मागे गेले.

शिवाय रशिया आणि युक्रेन हे दोन्ही पोलाद निर्यातदार देश जागतिक बाजारातून एकदम बाजूला पडल्याने भारतीय पोलादाला बाहेर गिऱ्हाईक मिळाले. मार्चमध्ये संपलेल्या २०२१-२२ या आर्थिक वर्षात देशातून आधीच सुमारे १ कोटी ३५ लाख टन तयार पोलाद निर्यात झाले होते.

खरेदी विभागांच्या कागदावर दोन पुरवठादार होते, म्हणजे धोका विभागला गेला असे मानले जात होते. प्रत्यक्षात दोघांची मुळे एकाच विहिरीत होती : कोळसा, बंदर आणि रेल्वे. ब्रँड दोन असले म्हणजे पर्याय दोन झाले, असे होत नाही.

२०२० च्या मध्यावर टनाला चाळीस हजारांच्या आसपास असलेली सळई एप्रिल २०२२ मध्ये पंचाहत्तर हजारांच्या वर गेली. त्याहून त्रासदायक बाब म्हणजे कोटेशनची मुदत. पूर्वी आठवडाभर टिकणारा भाव आता त्याच दिवसापुरता, कधी दुपारपुरता मिळू लागला. मागणीपत्र साइटवरून निघून, कार्यालयात सही होऊन, खरेदी विभागातून डीलरकडे पोहोचेपर्यंत भाव बदललेला असे आणि सही पुन्हा घ्यावी लागे. ज्या कंपन्यांत तीन सह्या लागतात तिथे नुसत्या कागदाने दोन-तीन दिवस खाल्ले.

हिशेबासाठी एक इमारत

आकडे समोर असले की साखळी दिसते, म्हणून एक नमुना इमारत धरू. पुण्याच्या उपनगरात, पार्किंग आणि वर १२ मजले, प्रत्येक स्लॅब ४,५०० चौरस फुटांचा, एकूण १३ स्लॅब. चौरस फुटाला ४ किलो लोखंड धरले तर कॉलम-बीमसह एका स्लॅबला १८ टन. करार झाला तेव्हा सळई टनाला ६०,००० रुपये धरलेली, कंत्राटदाराचा दर चौरस फुटाला १,७०० रुपये आणि त्यात त्याचा नफा ८ टक्के, म्हणजे १३६ रुपये. मार्चअखेर चार स्लॅब झालेले, नऊ बाकी.

भाव ७६,००० झाला. एका स्लॅबमागे वाढ १८ गुणिले १६,००० म्हणजे २,८८,००० रुपये. नऊ स्लॅबची वाढ २५ लाख ९२ हजार. चौरस फुटात सांगायचे तर ६४ रुपये, म्हणजे नफ्यातला जवळपास निम्मा भाग एकट्या सळईने गिळला. त्याच काळात इंधन महागल्याने सिमेंटही चढले. पोत्याला ४० रुपये वाढ आणि चौरस फुटाला ०.४२ पोते धरले तर आणखी १७ रुपये. डिझेल, वाहतूक, शटरिंगचे तेल वेगळेच.

पण नफा अर्धा झाला म्हणून कोणी काम लगेच बंद करत नाही. काम थांबते ते उधारीमुळे, आणि बहुतेक अहवाल नेमके इथे डोळेझाक करतात.

कंत्राटदाराला डीलरकडे ३२ लाखांची उधारी, ३० दिवसांची. १८ टक्के जीएसटी धरून ६०,००० ची सळई ७०,८०० ला पडते. ३२ लाखांत ४५ टन येते. बारा दिवसांच्या चक्राने महिन्याला अडीच स्लॅब, म्हणजे बरोबर ४५ टन. उधारी आणि वेग यांचा जोड व्यवस्थित जुळलेला. भाव ७६,००० झाल्यावर जीएसटीसह टन ८९,६८० ला जातो आणि त्याच ३२ लाखांत ३५.७ टन येते. मर्यादा तीच, डीलर तोच, भांडण कोणाशी नाही, तरी सव्वानऊ टन लोखंड गायब झाले. अर्ध्या स्लॅबचे.

त्यात डीलरही अडचणीत. त्यालाही गिरणीला तेवढ्याच टनांसाठी जास्त रक्कम आगाऊ मोजायची असते. म्हणून तो ३० दिवसांची उधारी १५ वर आणतो. इकडे कंत्राटदाराचे बिल स्लॅब पडल्यावर तयार होते, मोजमाप तपासून पैसे हाती यायला वीस-पंचवीस दिवस जातात. पंधरा आणि पंचवीस यांच्या मधले दहा दिवस कोणाच्या खिशातून काढायचे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. स्लॅबचे चक्र वीस दिवसांवर गेले ते इथून. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या ७५ दिवसांत सहा स्लॅब व्हायचे होते, चारही पुरते झाले नाहीत.

मग पुढची कडी सुटते. फिटरांची टोळी किलोमागे दर ठरवून काम करते. लोखंड नाही म्हणजे मजुरी नाही. मुकादम चार दिवस वाट पाहतो, पाचव्या दिवशी टोळी दुसऱ्या साइटवर नेतो. एप्रिल-मे हे तसेही गावाकडच्या लग्नांचे दिवस. लोखंड आल्यावर टोळी परत जमवायला आठवडा लागतो आणि तोही चक्रात मिळवावा लागतो. शटरिंगचे भाडे मात्र रोज चालू.

फटका कोणाला, निर्णय कोणाचा

आता बांधकाम व्यावसायिकाच्या बाजूने पाहू. महाराष्ट्रातल्या रेरा नियमांच्या नमुना करारात ग्राहकाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना बांधलेले आहेत : जोत्यापर्यंत जास्तीत जास्त ४५ टक्के, सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्के. म्हणजे २५ टक्के रक्कम स्लॅबांवर अवलंबून. आपल्या इमारतीत ४८ सदनिका, पैकी ४० विकलेल्या, सरासरी किंमत ६० लाख. एकूण विक्री २४ कोटी, त्याचे २५ टक्के ६ कोटी, भागिले १३. एक स्लॅब पडला की ग्राहकांना सुमारे ४६ लाखांच्या हप्त्यांची मागणीपत्रे निघतात.

कंत्राटदार २ लाख ८८ हजारांसाठी अडतो आणि व्यावसायिकाचे ४६ लाख अडकतात.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. ४६ लाख बुडालेले नाहीत, लांबलेले आहेत. १२ टक्के दराने आठ दिवसांचे व्याज बारा हजारांच्या आसपास होते. साइटवरचा पगार, शटरिंगचे भाडे, माल वर नेणारा हॉइस्ट मिळून दिवसाला १८,००० धरले तरी आठ दिवसांचे १ लाख ४४ हजार. एकाच स्लॅबपुरते पाहिले तर थांबणे हे वाढीव भाव देण्यापेक्षा स्वस्त दिसते, आणि अनेकांनी तोच हिशेब केला. चूक पुढे होती. दोन स्लॅब मागे पडले तेव्हा ९२ लाखांची आवक थांबली, आणि त्याच आवकेतून ब्लॉकचे काम, प्लंबिंगचा माल, लिफ्टची आगाऊ रक्कम भागायची होती. सळईने सुरू केलेला खोळंबा अशा ठेकेदारांपर्यंत पोहोचला ज्यांचा सळईशी काडीचा संबंध नव्हता. खर्चाच्या तक्त्यात हे दिसत नाही, रोकड आवक-जावकीच्या तक्त्यात दिसते. आणि तो तक्ता साइट इंजिनिअरला सहसा कोणी दाखवत नाही.

व्यावसायिक वाढ ग्राहकावर टाकू शकत नव्हता. नमुना करारात एकूण किंमत वाढीपासून मुक्त असते, अपवाद शासकीय शुल्कांच्या वाढीचा. १ एप्रिल २०१९ पासून घरांवरचा जीएसटी ५ आणि १ टक्का झाला तेव्हा व्यावसायिकाची इनपुट क्रेडिटची (मालावर भरलेला जीएसटी वजा करून घेण्याची) सवलतही गेली. म्हणजे त्याने स्वतः सळई घेऊन कंत्राटदाराला द्यायची ठरवली तर जीएसटीसकट पूर्ण भाव त्याचाच खर्च. १६,००० ची वाढ त्याच्यासाठी १८,८८० असते.

कंत्राटदाराकडे कायद्याचा आधार होता का? ‘दैवी आपत्ती’चे कलम अनेकांनी पुढे केले. पण भाव वाढणे ही अशी आपत्ती ठरत नाही. एनर्जी वॉचडॉग प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांना करारातून सूट देण्यास नकार दिला होता. कंत्राट पूर्ण करणे महाग झाले आणि अशक्य झाले यांत न्यायालय फरक करते. करारात भावफरकाचे कलम असेल तर पैसे मिळतात, नसेल तर विनंतीपत्रे लिहावी लागतात.

सरकारी कामांत असे कलम असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे १०सीए कलम सिमेंट-सळईसारख्या मालासाठी आहे : मूळ किंमत, साइटवर आलेले प्रमाण आणि घाऊक किंमत निर्देशांकातल्या फरकाचे मूळ निर्देशांकाशी प्रमाण यांचा गुणाकार. आपल्या राज्याच्या कामांत ‘स्टार रेट’ची, म्हणजे करारात लिहिलेल्या मूळ भावाशी फरक काढायची, पद्धत आहे. दोन्हीकडे पैसे मिळतात, पण उशिरा. निर्देशांक महिना उलटल्यावर जाहीर होतो, नंतर सुधारतो, आणि तो देशाची सरासरी सांगतो. डीलर मात्र आजचा भाव आजच मागतो. नुकसान भरून निघते, दोन महिन्यांचा रोकडीचा खड्डा भरत नाही.

८ मिमी नावाची गोम

एका स्लॅबचे १८ टन म्हणजे एकजिनसी माल नव्हे. आपल्या इमारतीत साधारण अशी फोड येईल : ८ मिमी साडेपाच टन, १० मिमी चार, १२ मिमी अडीच, १६ मिमी तीन, २० मिमी दोन, २५ मिमी एक टन. ८ मिमी कॉलम-बीमच्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांना आणि स्लॅबच्या आडव्या सळ्यांना लागते. ती नसेल तर कॉलमच्या २० आणि २५ च्या सळ्या उभ्या करून उपयोग शून्य.

आणि भावाच्या धावपळीत सगळ्यात आधी संपते ती ८ मिमी. बारीक सळई रोल करायला वेळ जास्त लागतो, त्याच पाळीत १२ किंवा १६ मिमीचे टन जास्त निघतात. म्हणून एरवीसुद्धा ८ मिमीचा भाव टनामागे चढा असतो. मागणी उसळली की गिरणी जाड मापे आधी काढते. त्यात प्रत्येक साइट घाबरून दोन स्लॅबची ८ मिमी एकदम मागवते. डीलरला मागणी दुप्पट दिसते, तो गिरणीकडे तिप्पट नोंदवतो. चाबकाची मूठ थोडी हलली की टोक सटकन फिरते, तसे.

‘माल वेळेवर आला का’ हा एकच प्रश्न विचारणारा साप्ताहिक अहवाल इथे फसवतो. ट्रक ठरलेल्या दिवशी आला, १६ टन उतरले, टक्केवारी झकास. त्यात ८ मिमी दोन टन कमी होती, म्हणून स्लॅब सहा दिवस लांबला. अहवालात हे कुठेच नाही. मोजायचे ते मापानुसार आणि पुढच्या स्लॅबच्या बीबीएसशी (कोणत्या मापाच्या, किती लांबीच्या, किती सळ्या लागतील याची यादी) ताडून : कोणते माप किती टक्के आले. सगळ्यांत कमी टक्केवारी ज्या मापाची, तीच त्या पुरवठ्याची खरी टक्केवारी.

अडलेल्या साइटवरच्या तडजोडी

ज्या मापाचा माल आहे तो वापरून टाकू, ही साइटवरची पहिली सूचना असते. कधी ती योग्य असते, कधी घातक. १० मिमी सळ्या १५० मिमी अंतराने म्हणजे मीटर रुंदीत ५२३ चौरस मिमी लोखंड. त्याऐवजी १२ मिमी २०० अंतराने टाकली तर ५६५ होते. चालेल, फक्त लोखंड ८ टक्के जास्त जाते आणि सांध्याची, म्हणजे दोन सळ्या एकमेकींवर चढवायची, लांबी वाढते, कारण ती व्यासाच्या पटीत असते : पन्नास पट धरली तर ५०० ऐवजी ६०० मिमी. ८ मिमी वापरायची तर अंतर ९५ मिमीवर आणावे लागते. फिटरने जुन्या खुणांवरच, १५० अंतराने, ८ मिमी बांधली तर ३३५ चौरस मिमीच भरते, ३६ टक्के कमी. वरून जाळी सारखीच दिसते. स्लॅब भरण्याआधी सळ्यांचे अंतर टेपने न मोजता नजरेने पाहणारा पर्यवेक्षक हे पकडू शकत नाही. कॉलमच्या रिंगांत तर असा बदल इमारतीचा सांगाडा ठरवणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटच्या लेखी परवानगीशिवाय करूच नये.

दुसरी तडजोड ग्रेडची, म्हणजे सळईच्या ताकदीच्या दर्जाची. ‘एफई ५००डी नाही, एफई ५५० आहे, आणखी मजबूत आहे,’ असे डीलर सांगतो. ताकद जास्त हे खरे. पण आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे तुटण्याआधी लांबण्याची किमान टक्केवारी ५००डी ला १६ आहे आणि साध्या ५५० ला १०. पुणे-मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतात. भूकंपात सळईने ताणून, वाकून ऊर्जा जिरवावी अशी अपेक्षा असते. तिथे नुसती मजबूत सळई कामाची नाही. ‘डी’ हे अक्षर बिलावर आणि टेस्ट सर्टिफिकेटवर दोन्हीकडे हवे, आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक, बंडलच्या टॅगशी जुळायला हवा.

तिसरी गोष्ट तडजोड वाटतच नाही. सळई आपण वजनावर विकत घेतो आणि लांबीवर वापरतो. १६ मिमीचे नाममात्र वजन मीटरला १.५८ किलो, पण मानकाने त्यात पाच टक्के कमी-जास्त चालते. ८ आणि १० मिमीत सात टक्के. गिरणीने माल तीन टक्के जड रोल केला तर तेवढ्याच मीटरसाठी १८ टनांऐवजी १८.५४ टन मोजावे लागतात. ७६,००० च्या भावाने स्लॅबमागे ४१,०४० रुपये, आणि नियम कोणीच मोडलेला नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक मापाचे मीटर-मीटरचे तीन तुकडे कापायचे, काट्यावर ठेवायचे, वहीत लिहायचे. साठ हजारांच्या भावात हा खटाटोप कंटाळवाणा वाटतो, पंचाहत्तर हजारांत तो पर्यवेक्षकाचा पगार भरून काढतो. ट्रकचे वजनही डीलरने सांगितलेल्या एकाच काट्यावर करू नये. भरलेला आणि रिकामा, दोन्ही वेळा दुसऱ्या काट्याची पावती असावी.

तुकड्यांच्या बाबतीतही तेच. १२ मीटरच्या सळईतून ४.३५ मीटरचे दोन तुकडे काढले की ३.३० मीटर उरते. बीबीएस एक स्लॅब पुढचा तयार असेल तर तो उरलेला तुकडा वरच्या जादा सळयांत बसवता येतो. नसेल तर ढिगात जातो. वाया जाणारे पाच टक्क्यांवरून तीनवर आणले तर उरलेल्या १६२ टनांवर सव्वातीन टन वाचतात, म्हणजे जवळपास अडीच लाख.

२१ मे

२१ मे २०२२ च्या संध्याकाळी केंद्र सरकारने पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क घटवले, पेट्रोल लिटरला ८ आणि डिझेल ६ रुपयांनी. त्याच वेळी पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावले, लोहखनिजावरचे ५० टक्क्यांवर नेले आणि कोकिंग कोळसा व कोकवरचे आयातशुल्क शून्य केले. दुसऱ्या दिवसापासून लागू. निर्यातीची वाट अडली आणि माल देशात वळला. जूनअखेर सळई साठ हजारांच्या आसपास आली.

ज्यांनी एप्रिलअखेर ‘उद्या ऐंशी होईल’ म्हणून साठा केला त्यांचे काय झाले? आपल्या इमारतीचे उरलेले १६२ टन एकदम घेतले असते तर १ कोटी २३ लाख, वर जीएसटी. दोन महिन्यांत त्यातले २६ लाख कागदावर उडाले असते. शिवाय पाऊस. सळई जमिनीपासून किमान १५० मिमी उंच, ताडपत्रीखाली ठेवावी लागते, किनारपट्टीला सिमेंटचे पाणी मारावे लागते. एवढी जागा गजबजलेल्या साइटवर नसते, म्हणून ती चिखलात पडते आणि ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटलेली सळई तारेच्या ब्रशने घासण्यासाठी वेगळी मजुरी मोजावी लागते.

गंमत अशी की भाव उतरला तरी साइट लगेच धावली नाही. ‘अजून पडेल’ म्हणून खरेदी थांबली. डीलरने महागात घेतलेला साठा आधी संपवायचा म्हणून नवी मागणी दिली नाही. भाव चढताना अडलेला स्लॅब भाव उतरतानाही अडला, कारण साठ्याचा निर्णय त्या आठवड्याच्या भावावर घेतला जात होता. स्लॅब कधी पडायचा आहे, हे कोणी विचारातच घेत नव्हते.

काय वेगळे करता येते

सगळ्यांत मोठा फरक करारातल्या एका परिच्छेदाने पडतो. मूळ भाव लिहायचा, तो कोणत्या मालाचा आणि कुठे पोहोचवलेला हेही लिहायचे. तीन टक्क्यांपर्यंतचा चढउतार कंत्राटदाराने सोसायचा, त्यापुढचा फरक व्यावसायिकाने द्यायचा किंवा कापून घ्यायचा. कलम दोन्ही दिशांनी चालायला हवे. त्यावेळच्या कित्येक करारांत ‘वाढल्यास’ एवढाच शब्द होता. आणि फरकाचे पैसे स्लॅबच्या बिलाची वाट न पाहता, माल साइटवर उतरल्यापासून सात दिवसांत द्यायचे. रकमेइतकाच हा दिवसांचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण काम उधारीमुळे थांबले होते.

आपल्या इमारतीत व्यावसायिकाने एप्रिलमध्ये प्रत्येक स्लॅबमागे २ लाख ८८ हजार लगेच दिले असते, किंवा डीलरला तेवढ्या फरकाची हमी दिली असती, तर उधारीची मर्यादा पुन्हा जवळपास अडीच स्लॅबना पुरली असती. भाव मेअखेर उतरेपर्यंत अशा चार-पाच स्लॅबचे मिळून बारा-चौदा लाख. जड वाटते खरे, पण समोर दोन कोटींहून अधिक आवक वेळेवर येणार होती.

साठा ठेवायचा तो मापानुसार. ८ आणि १० मिमीचा दीड स्लॅबचा साठा नेहमी हाताशी असावा, साधारण चौदा टन. जाड मापे पुढच्या स्लॅबपुरती. एवढा साठा पावसातही झाकता येतो आणि भाव पडला तरी नुकसान सव्वादोन लाखांच्या आसपासच राहते. दुसरा डीलर धरायचा तर त्याच्या गिरणीला कोळसा, भंगार, वीज कुठून येते हे विचारावे. तिचा माल कन्सल्टंटकडून गरज नसताना आधीच मंजूर करून ठेवावा, कारण प्रयोगशाळेचा अहवाल हाती यायला काही दिवस जातातच आणि अडल्या वेळी ते दिवस नसतात. टोळीसाठीही एक छोटी सोय उपयोगी पडते : लोखंडाअभावी बसून राहिलेल्या दिवसांची किमान मजुरी. दहा जणांच्या टोळीला चार दिवसांची अशी मजुरी दिली तर ती टोळी परत जमवण्याच्या आठवड्यापेक्षा स्वस्त पडते.

१९ नोव्हेंबर २०२२ पासून निर्यातशुल्क उठले. तोपर्यंत सळई अनेक ठिकाणी करारातल्या साठ हजारांच्याही खाली आली होती आणि अशा इमारतींची अंतिम बिले टेबलावर यायला लागली होती. वाद मग प्रमाणावर अडतात : फरक बीबीएसच्या टनांवर द्यायचा की काटा पावतीच्या? बीबीएस धरला तर वाया गेलेल्या सळईचा फरक कंत्राटदाराच्या अंगावर येतो, काटा पावती धरली तर जड रोल केलेल्या सळईचा व्यावसायिकाच्या. बीबीएसचे टन अधिक तीन टक्के, आणि भाव त्या-त्या पावतीच्या तारखेचा, असे कलमातच लिहिलेले असेल तर बिल दोन बैठकांत मिटते.